नाद : खणखणीत

घड्याळजींच्या मुलीचे पत्र आले त्याला पुढच्या महिन्यात चार वर्षे होतील. मी त्याला उत्तर दिले नाही. हरवले म्हणावे तर ते हरवलेले नाही. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात, मी स्वतः ठेवले त्या जागी आहे. तेव्हापासून त्या खंडातला शब्द अडला की मी अंदाजाने भागवतो. जन्मभर छापखान्यात प्रुफे तपासलेल्या माणसाने शब्द अंदाजाने लिहावा, यावरून काय ते समजावे.

पत्र लहान होते.

'आदरणीय काका, बाबांच्या हाताचे तुमच्या डोळ्यांसमोरच झाले. डाव्या हाताची तीन बोटे काढावी लागली. बाबांनी मला सांगितले होते, अडीच इंची आणि काळ्या दारूचीच काडतुसे आण. दुकानदाराने दिली ती मी आणली, वाचून बघितली नाहीत. आता सगळे म्हणतात, काडतूस जास्त जोराचे असणार. सोबत डब्याचे झाकण पाठवते आहे. त्यावरचे मला समजत नाही. तुम्ही बघून सांगाल का, माझी चुक झाली का? बाबा नाही म्हणतात, पण मला बरे वाटावे म्हणून ते काहीही म्हणतील. तुम्ही सांगाल ते मी खरे मानीन.'

झाकण मी पाहिले. अडीच इंची. काळी दारू. काडतुसे अगदी बरोबर होती. एका शब्दाचे उत्तर होते, पोस्टकार्डावर मावले असते. पण तो शब्द लिहिला की त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येणार होता : काडतूस बरोबर होते, तर मग नळी फुटली कशी? त्याचेही उत्तर मला ठाऊक होते. म्हणून मी पहिलेही दिले नाही.

जुन्या दुनळी बंदुकांचा नाद मला छापखान्यातच लागला. एका संग्राहकाच्या बंदुकांची सचित्र यादी छापायला आली होती आणि तिची प्रुफे माझ्या टेबलावर पडली. तोवर मी बंदूक हातात धरली नव्हती. लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी एकत्र पिळून, तो पीळ गजाभोवती गुंडाळून, ठोकून केलेल्या नळ्या. त्यांच्यावर लाकडाच्या शिरांसारखी उठलेली नक्षी. आणि कुलपाच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्राच्या, पट्टीवर कोणा कारागिराने केसाएवढ्या रेषांनी कोरलेले तितर पक्षी. मी चुका शोधायच्या विसरून चित्रेच बघत बसलो. पुढे मी तीन बंदुका जमवल्या. नेम माझा यथातथाच. उडवण्यापेक्षा उघडून, पुसून, तेल लावून परत ठेवण्यातच माझा जीव रमे. कारखान्यांचे ठसे वाचायला शिकलो, मापे शिकलो, चोपन्न पानांची एक पुस्तिका लिहिली. आमच्या जुन्या बंदुकांच्या मंडळात मला सगळे 'प्रूफवाले' म्हणू लागले. त्यात दुहेरी गंमत होती. नवी नळी बाहेर पडण्याआधी तिच्यात जास्तीची दारू भरून उडवून पाहतात आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारतात. त्या चाचणीलाही प्रूफच म्हणतात. लाजाळू माणसाला असे एक नाव मिळाले की तो त्याला फार जपतो. गरजेपेक्षा जास्त जपतो.

मंडळाचा नियम असा होता की, मैदानावर मातीच्या तबकड्या फोडायला कोणी जुनी बंदूक आणली तर आधी तिची तपासणी व्हायची, आणि तपासणीची चिठ्ठी असल्याशिवाय एकही काडतूस भरायचे नाही. गेली काही वर्षे चिठ्ठ्या मी देत असे. बंदूक उघडायची, काडतुसाची दोन्ही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि मग बोटानेही पाहायचे. नळ्या उजेडाकडे धरून आतून खड्डे बघायचे. काडतुसाच्या घराची लांबी मोजायची, कारण जुनी घरे आखूड असतात आणि आजचे लांब काडतूस त्यात बसते, पण बार होताना त्याचे दुमडलेले तोंड उलगडायला जागा राहत नाही. मापकाने नळीची जाडी घ्यायची. ठसे वाचायचे. आणि शेवटी नळ्या वाजवायच्या.

हे वाजवणे म्हणजे काय, ते सांगायला हवे, कारण सगळे त्यावरच आले. दोन नळ्यांच्या मधून वर आणि खाली एकेक पट्टी जाते. ती वितळवलेल्या धातूची डाख देऊन जोडलेली असते. शुद्ध शब्द डाख. कारागीर मंडळी डाक म्हणतात. ती डाक कुठे सुटली की पट्टीखाली ओल शिरते, आणि आतल्या आत गंज नळीला खात सुटतो. वरून काही दिसत नाही, आणि पट्टी आड येते म्हणून मापकही तिथे पोचत नाही. तिथे फक्त कान पोचतो. नळ्या दस्त्यापासून सोडवून दोरीने टांगायच्या आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची. डाक शाबूत असेल तर घंटेसारखा नाद लांबवर जातो. सुटली असेल तर आवाज बद्द येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

माझ्या कानांतून बारीक आवाज आधी गेले. पाखरे गेली, मग दारावरची घंटी, मग किटलीची शिट्टी. बोलणे ऐकू येत होते म्हणून मी कोणाला कळू दिले नाही. घरी हिला कळलेच होते. "किटली बोंबलून बोंबलून कोरडी पडली," ही म्हणायची, "आणि तुम्ही शेजारी बसून वाचताय! कानाचं यंत्र घ्या म्हटलं तर तोंड फिरवता. चष्मा लावताना नाही लाज वाटली?" मी म्हणायचो, लक्ष नव्हते.

नळ्यांचा नाद मला शेवटची तीन वर्षे ऐकूच येत नव्हता. मी काय करत असे ते लिहितो. टिचकी मारून आमच्या बंदूक-कारागिराच्या तोंडाकडे बघत असे. तो तपासणीच्या वेळी शेजारीच आपले काम करत बसायचा. नाद चांगला असला की त्याची मान किंचित हलायची आणि तो पुन्हा कानस उचलायचा. वाईट असला की हात थांबायचा. मी त्याच्या मानेवरून चिठ्ठ्या लिहिल्या.

घड्याळजी आपल्या आजोबांची दुनळी घेऊन आले त्या रविवारी कारागीर पलीकडच्या खोलीत कोणाच्या तरी बंदुकीचा घोडा बसवत होता. घड्याळजी तसे नवखे. त्यांनी बंदूक चादरीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखी आणली होती. मुलगी बरोबर होती. भोवती मंडळाची पाच-सहा माणसे उभी होती. मी सगळी मापे घेतली; सगळी ठीक भरली. मग नळ्या टांगल्या आणि टिचकी मारली. मला काहीच ऐकू आले नाही. सवयीने मान वळवली, तर कारागिराची खुर्ची रिकामी.

घड्याळजी कान पुढे करून उभे होते. म्हणाले, "प्रूफवाले, मला जरा बद्द वाटतोय हो. तुम्हाला?"

एवढे मला स्पष्ट ऐकू आले. ज्यांचा जन्म घड्याळांची टिकटिक ऐकण्यात गेला असा तो माणूस. मला एवढेच म्हणायचे होते, मला ऐकू येत नाही, कारागिराला बोलवा. पाच शब्द, सहा शब्द. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"छे छे," मी म्हणालो, "पिळाच्या नळ्यांचा सूर पोलादापेक्षा मऊच असतो. पुस्तकात दिलंय तसं. खणखणीत आहे."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालंच," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "मला आपलं घड्याळापुरतं कळतं."

कोणीतरी हसत म्हणाले, "बघा, चुकीचं प्रूफ त्यांच्या हातून सुटायचं नाही!" चिठ्ठीवर 'नाद' हा एक रकाना असतो. त्यात मी लिहिले, 'खणखणीत', आणि खाली सही केली. अक्षर चांगले आले होते.

पुढच्या रविवारी मैदानावर मी सावलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. पहिली तबकडी फुटली तेव्हा मान वर केली, टाळी वाजवली आणि पुन्हा खाली घातली. दुसऱ्या बाराला लोक धावताना दिसले. डाव्या हाताने नळ्या खालून पेलायच्या असतात. नेमकी त्याच जागी, खालच्या पट्टीलगत नळी उकलली होती. मुलीने हाताला टॉवेल गुंडाळला होता आणि तो भिजत चालला होता. घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी जवळ गेलो तर मला म्हणाले, "तुमचं लक्ष होतं का? दुसरी फुटली की नाही?"

मी म्हणालो, "फुटली." मी पाहिले नव्हते.

आठवड्याने कारागिराने मला बोलावले. फुटलेल्या नळ्या त्याच्या टेबलावर होत्या, पट्टी उचकटलेली. "डाक सुटलेली," तो म्हणाला. "ही बघा, वीतभर. आत सगळं गंजाने खाल्लंय. इथे कागद राहिला होता, नळी नव्हती." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारले, "वाजवली होती ना?"

"वाजवली होती."

"मग?"

"तेव्हा बरी वाजली."

"हं," तो म्हणाला, आणि नळ्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवल्या. बाहेर त्याने एवढेच सांगितले की जुनी वस्तू, नशीब म्हणायचे. घड्याळजींपाशीही त्याने यापेक्षा जास्त तोंड उघडले नाही, आणि लोकांनी काडतुसावर ठपका ठेवला तेव्हाही तो गप्प राहिला. माझी लाज त्याने झाकली. तिची किंमत त्या मुलीने मोजली. पुढे मला कळले की, मी चिठ्ठ्या दिलेल्या सगळ्या बंदुका त्याने एकेक करून सफाईच्या निमित्ताने मागवल्या आणि पुन्हा वाजवल्या. त्यातली एक वापरातून काढायला लावली. मला त्याने एका शब्दाने विचारले नाही. त्याच महिन्यात डोळ्यांचे कारण सांगून मी तपासणी सोडली. डोळ्यांचे! मंडळाने मला शाल दिली.

मुलीचे पत्र आले ते याच दिवसांत.

मी घड्याळजींच्या गल्लीतून जाणे सोडले. वाचनालयात जायला ती वाट जवळची. मी बाजाराला वळसा घालून जाऊ लागलो. कोणी त्या अपघाताचा विषय काढला की मी कानावर हात ठेवायचो, आणि मला खरेच ऐकू येत नाही हे तोवर सगळ्यांना कळल्यामुळे ते खपून जायचे. बहिरेपणाचा पहिला फायदा मला असा झाला.

दोन महिन्यांपूर्वी हिने शेवटी माझे दोन्ही कान पकडून, म्हणजे जवळजवळ पकडूनच, मला यंत्र घ्यायला लावले. घरी आलो आणि पहिल्यांदा ऐकू आले ते भिंतीवरचे घड्याळ. ते लंगडत होते. एक ठोका लांब, एक आखूड.

"हे असं कधीपासून चालतंय?" मी विचारले.

"वर्ष झालं," ही म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आवडतं."

दुपारी ही शेजारणीकडे गेली तेव्हा मी माझ्या तिन्ही बंदुका काढल्या. उघडल्या, रिकाम्या असल्याची खात्री केली, नळ्या सोडवल्या आणि एकेक टांगून वाजवली. पहिल्या दोन्हींचा नाद खोलीभर फिरला. मी तो विसरून गेलो होतो. डोळ्यांत पाणी आले. तिसरीला टिचकी मारली आणि टप् असा आवाज आला. बद्द. कोणालाही कळला असता. कान असलेल्या कोणालाही. मी पाच-सहा वेळा टिचकी मारली. मग ती बंदूक बांधून ठेवली आणि तिला चिठ्ठी अडकवली : उडवू नये.

घड्याळ घेऊन ही गेल्या आठवड्यात दुरुस्तीला गेली. किल्लीची घड्याळे आता दुसरीकडे कोणी हातात धरत नाही. तासाभराने आली ती दारातूनच बोलत.

"अहो, ते तुमचे घड्याळजी! काय माणूस आहे! टेबलाशी लेक बसते, सगळं काम ती करते. हे शेजारी डोळे मिटून बसतात आणि नुसतं ऐकतात. आपलं घड्याळ दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, लंबकाची टांगणी वाकलीय. उघडलं तर तेच. मग मला म्हणतात, 'प्रूफवाल्यांच्या घरचं ना? बरे आहेत ना ते? बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत.'"

मी पेपर उलटला.

"आणि ती मुलगी. मी आपलं सहज म्हटलं, किती सफाईने करतेस गं. तर म्हणते, 'मावशी, बाबांचा हात माझ्यामुळे गेला. मी काडतुसं चुकीची आणली. मग त्यांचं काम मीच करायला नको का?' आपण आडनाव सांगतो ना, तसं सांगितलं. नकाशे काढायचं शिकलीय ती. तेव्हा नोकरीचं पत्र आलं होतं, गेली नाही. आता पुन्हा बोलावलंय त्यांनी, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. म्हणते, कळवायचं काय त्यात? नाही म्हणून टाकायचं. बापाने समजावलं तर ऐकत नाही. अहो, ऐकताय ना? यंत्र चालू आहे का?"

यंत्र चालू होते. मी उठलो, शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि पत्र तिच्या हातात दिले.

ही खिडकीपाशी जाऊन वाचत होती. एकदा वाचले, झाकण उलटसुलट केले. मग पत्र उजेडात धरून म्हणाली, "हे पेन्सिलीचं काय?"

मी स्वतः ते विसरलो होतो. मुलीने 'चुक' लिहिले होते. चू दीर्घ हवा. मी त्याखाली रेघ ओढून समासात नीट खूण केली होती.

"सवय," मी म्हणालो.

"चार वर्षांत या पत्राचं एवढंच केलंत?"

मी खाली बसलो आणि तिला सगळे सांगितले. रिकामी खुर्ची, घड्याळजींचा प्रश्न, चिठ्ठीतला रकाना. पत्नीला चाळीस वर्षांत मी इतके सलग कधी सांगितले नसेल.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मला तर माहीत होतं तुम्हाला ऐकू येत नाही. माझ्यापासून काय लपवायचं होतं?"

मग पत्राची घडी घालत म्हणाली, "चला, चप्पल घाला. पंधरा मिनिटांची वाट आहे. जाऊन सांगा."

"नाही," मी म्हणालो. "तोंडाने मला जमायचं नाही. ते बरे आहात ना म्हणतील, मी हो म्हणेन, आणि मग पुन्हा काहीतरी खणखणीत बोलून येईन. लिहितो. लिहिलेलं मागे घेता येत नाही."

पहिला मसुदा चार पानांचा झाला. हिने चष्मा लावून वाचला. "पहिलं पानभर कानाच्या पडद्याचं वर्णन आहे. ती काय डॉक्टर आहे?" दुसऱ्यात डाख आणि डाक यांवर एक परिच्छेद आला होता; तो वाचून ती म्हणाली, "पुस्तिका काढताय का दुसरी?" तिसऱ्यात मी स्वतःला इतकी दूषणे दिली होती की तिने कागद परत सरकवला. "हे वाचून तिलाच तुमची समजूत घालावी लागेल. तिने काय विचारलंय, तेवढं सांगा."

चौथे असे :

'तुझे पत्र मला चार वर्षांपूर्वीच मिळाले. तू आणलेली काडतुसे बरोबर होती. झाकण परत पाठवतो आहे. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, कारागिराला दाखवून त्याच्याकडून वाचून घे. तुझी काहीही चूक झाली नाही. चूक माझी झाली. नळ्यांचा आवाज बद्द होता. तो तुझ्या बाबांना ऐकू आला आणि त्यांनी तसे बोलून दाखवले. मला काहीच ऐकू आले नव्हते, आणि लाजेपोटी मी खणखणीत म्हणालो. त्यांचा कान बरोबर होता, हे त्यांना सांग. तुझे पत्र आले तेव्हा मला हे सगळे ठाऊक होते, तरी मी गप्प राहिलो. ती दुसरी चूक, आणि मला वाटते, पहिलीपेक्षा मोठी. हे पत्र बाबांना वाचून दाखव. मंडळात कोणालाही दाखव. नोकरीला जायचे की नाही ते तुझे तू ठरव, पण हाताचे ओझे त्यात धरू नकोस. ते तुझे नाही. मला उत्तर द्यायलाच हवे असे नाही.'

तिच्या पत्रावरची पेन्सिलीची खूण खोडायला मी रबर घेतले. "राहू द्या," ही म्हणाली. मी ठेवून दिले.

पाकिटात झाकण घातल्यावर ते फुगले. टपाल कचेरीत खिडकीमागच्या बाईने ते बोटांनी चाचपून पाहिले. "आत काय आहे?"

"पुठ्ठा," मी म्हणालो. "एका डब्याचं झाकण."

"काय?"

"झाकण," मी मोठ्याने म्हणालो. मागे रांगेत चार माणसे होती, ती बघू लागली. माझे कान तापले.

तिने वजन केले, तिकिटे दिली, मी ती चिकटवली. पत्ता पुन्हा एकदा वाचला. घड्याळजींचे दुकान, आणि गल्लीचे नाव. जिथून मी चार वर्षे गेलो नव्हतो ती गल्ली. बाहेर येऊन पेटीच्या फटीत पाकीट सरकवले. ते जाड होते, मध्येच अडकले. निम्मे आत, निम्मे बाहेर. क्षणभर वाटले, अजून ओढून काढता येईल. मग मी तळहाताने ते आत ढकलले, आणि ते खाली पडले तो आवाज मला ऐकू आला.